मासोळीची गोळी, कणकेची गोळी

बाई, तुम्ही गेलात त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कुणी रडत होतं, कुणी फोन लावत होतं, कुणी मला धरून बसवत होतं, आणि माझं मेलीचं लक्ष ओसरीतल्या कोनाड्याकडे. तिथे तुमची मासोळीच्या तेलाची बाटली होती, अर्धी भरलेली. जेवणवेळ झाली तसं ऊन सरकत सरकत कोनाड्यात आलं आणि आतल्या पिवळ्या गोळ्या उजळल्या. रोजच्यासारख्याच. मला वाटलं, आता तुम्ही उठाल, पदर खोचाल आणि म्हणाल, "सुशे, हात कर." तुम्ही अंगणात पांढऱ्या चादरीखाली होतात, तरी मला तसं वाटलं. मी हात पुढे केलासुद्धा. शेजारच्या कमलबाईला वाटलं, मला पाणी पाहिजे. तिनं पेला आणून हातात दिला.

आता महिना झाला. गावात भेटेल तो म्हणतो, जाऊबाई गेल्या, तुम्हाला एकटं वाटत असेल. जावाजावांचं म्हणजे हेवादावा असं जग समजतं, म्हणून त्यांच्या बोलण्यात जराशी शंकाही असते. खरंच वाटतं का हिला एकटं? काय सांगू त्यांना. तुमचे मालक गेले, मागोमाग आमचे हे गेले, तुमचा मंगेश शिकून कॅनडात गेला, आणि मला तर पोटी कुणीच नाही. रोहणा गावातल्या या घरात उरलो आपण दोघी, एक चूल आणि दोन तोंडं. दोन्ही तोंडं चालायची. चटणीत मीठ कुणी जास्त टाकलं, फाटकाची कडी कुणी उघडी ठेवली, यावरून आपण काय कमी भांडलो? आता चटणीत मीठ बरोबर पडतं. कुणी नाव ठेवत नाही. मला ते खपत नाही, बाई.

ती पहिली बाटली आली तेव्हा मी घरी नव्हते, अंगणवाडीत होते. नोकरीचं माझं शेवटचं वर्ष. मंगेशच्या ओळखीचं कुणी गावाकडे येत होतं, त्याच्या हाती त्यानं ती धाडली होती. आपल्या घरची रीत अशी की नवीन वस्तू आली की आधी देवापुढे. टीव्ही आला तेव्हा त्याला हळदीकुंकू लागलं, मिक्सर आला तेव्हा त्याला लागलं. तुम्ही बाटली देव्हाऱ्यात ठेवली, कुंकवाचं बोट लावलं, वर एक तुळशीचं पान ठेवलं. तुम्हाला वाटलं, मध आहे. मी घरी आले, बाटली उचलली, तर कुंकवाच्या खाली एक छोटी निळी मासोळी काढलेली. इंग्रजी अक्षरं जुळवत जुळवत वाचलं आणि मला हसू आवरेना. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ, लग्न होऊन आल्यापासून या घरात अंड्याचं टरफल आलं नाही, आणि तुम्ही विठोबाला मासोळीचं तेल दाखवून बसल्या होतात.

तुम्ही दचकलात. दोन्ही हात पदराला पुसले. मग देव्हाऱ्याकडे पाहत मला म्हणालात, "देवाचा पह्यला अवतारच मासोळी व्हता. त्याले काऊन राग येईन?" देवाचा प्रश्न असा मिटला. तुमचा राहिला. मंगेशनं फोनवर सांगितलं की हे तेल हृदयाला चांगलं, सांध्यांना चांगलं, डोळ्यांना चांगलं, रोज जेवणावर एक गोळी घेत जा. तुम्ही हो हो म्हणालात. फोन ठेवला आणि बाटली माझ्यापुढे सरकवली. म्हणालात, मला चालत नाही, पण पोरानं एवढ्या लांबून धाडलेलं फेकून द्यायचं नाही. तू माहेरची मासोळीवाली. तुला काय, तू बाटत नाहीस.

माहेरची मासोळीवाली. हे तुम्ही असं सहज म्हणालात, बाई, पण त्या दिवशी माझ्या काळजात काहीतरी हललं. माझं माहेर वर्धा नदीच्या काठाला. आमच्या घरी आठवड्याला बाजार झाला नाही तरी चालेल, मासोळी पाहिजे. आई मातीच्या भांड्यात तिखटजाळ रस्सा करायची आणि त्याचा वास घराच्या धाब्यावरून खाली घाटापर्यंत जायचा. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी बोलणी केली, देणंघेणं केलं, आणि अगदी शेवटी मला सांगितलं की सासर माळकरी आहे, जिभेला आवर घालजो. घातला. पहिल्या वर्षी नदीकडून वारा आला की मी गोठ्यात जाऊन रडायची. ते तुम्ही पाहिलं होतं. कधी बोलला नाहीत, पण पाहिलं होतं.

तर मी गोळी खायला लागले. माझे गुडघे तेव्हा सकाळी उठताना कुरकुर करायचे, रक्ताच्या तपासणीत चरबीही जास्त निघाली होती. आपण वर्ध्याच्या डॉक्टरांना बाटली दाखवली. ते हसले. म्हणाले, घ्या, तुमच्या बाकीच्या औषधांबरोबर चालेल, पण ही काही जादू नाही. चालायला जा, तळलेलं कमी करा, आणि तुम्ही मोठ्या बाई, तुमची बीपीची गोळी चुकवू नका. ती तुम्ही कधी चुकवली नाहीत. तुमच्या औषधाची तुम्ही पक्क्या होतात, हे मी आज स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते.

त्याच डॉक्टरांपुढे तुम्ही जवसाचा विषय काढलात. आपल्या जवसात काय कमी आहे, हा तुमचा प्रश्न. मी अंगणवाडीत बायांना पोषण शिकवलेली, माझ्या अंगात ते शिकवणं भिनलेलं. मी म्हटलं, जवसात असतं ते वेगळं, त्यातलं फार थोडं अंगी लागतं, मासोळीतलं सरळ लागतं. तुम्ही म्हणालात, "तुहं टरेनिंग दोन दिवसाचं, माह्या सासूची चटणी शंभर वर्षाची." डॉक्टरांनी दोघींना खूश केलं. जवस चांगला आहे, तेलही चांगलं आहे, भाकरीवर चटणी घ्या, वाद घालू नका. एसटीत बसल्यावर आपण वाद घातलाच. पुलगाव गेलं तरी तो चालू होता. तो अजून मिटलेला नाही, बाई. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तुम्ही समोर नाही म्हणून मी जिंकले, असं मी म्हणणार नाही.

आपल्या दुपारी कशा जायच्या ते मी आता आठवत बसते. जेवणं व्हायची, भांडी व्हायची, ऊन कोनाड्यात यायचं. तुम्ही बाटली उचलायचात, झाकण फिरवायचात आणि गोळीला बोट न लावता ती झाकणात पाडायचात. मग झाकणातून माझ्या तळहातावर. मी ती आधी उन्हात धरायची. पिवळा कवडसा तळहातावर पडायचा आणि तुम्ही वाकून पाहायचात. एवढ्याशा थेंबात कोणता समुद्र आला असेल, त्या मासोळीला आपलं रोहणा गाव माहीत तरी होतं का, असं काहीतरी बोलायचात. आपण दोघींनीही समुद्र पाहिलेला नाही. टीव्हीवर दिसतो तो समुद्र नाही, असं तुमचं ठाम मत होतं, कारण त्याला वास येत नाही.

वास मला यायचा. गोळी खाऊन मी ओसरीत आडवी झाले की थोड्या वेळानं ढेकर यायचा, आणि त्या ढेकरात आमचा घाट असायचा. तुम्ही पदर नाकाला लावून म्हणायचात, "आला वं तुहा समुद्र." समुद्र कसला, माझं माहेर यायचं. डोळे मिटले की मी पाण्यात असायची. आई घाटावर बसून मासोळीचे खवले काढायची, खवले उन्हात उडायचे, आणि मी त्या चमचमत्या पाण्यातून चालत आपल्या अंगणापर्यंत यायची. अंगणात गुडघाभर पाणी, तुळशीवृंदावन त्यात उभं, आणि तुम्ही ओसरीच्या कडेला पाय सोडून बसलेल्या, पायांभोवती मासोळ्या. स्वप्नात तुम्हाला त्यांची किळस नसायची. जाग आली की तुम्ही भिंतीला टेकून वाती वळत असायचात. मी स्वप्न सांगायची. तुम्ही विचारायचात, पाणी गार होतं का? दरवेळी तेवढंच विचारायचात.

हे नुसतं गोळी देणं असतं तर गोष्ट वेगळी. पण तुमची एक अट होती. बाटली रिकामी झाली की तुम्ही कणिक मळायला बसायचात. बाटलीत जेवढ्या गोळ्या असायच्या, तेवढ्याच कणकेच्या गोळ्या, तशाच लांबट, तशाच एवढ्याशा. कुणाचा जीव घेतला तर त्याच्या भावाबहिणींना दोन घास तरी द्यावे लागतात, असं तुमचं म्हणणं. मी म्हटलं, ती मासोळी समुद्रातली, ही नदीतली, त्यांचा काय संबंध? तुम्ही म्हणालात, नदी शेवटी जाते कुठं?

मग डबा घेऊन आपण एसटीनं नदीवर जायचो. तुम्ही शेवटच्या पायरीवर बसायचात, पाण्यात गोळ्या टाकायचात, आणि काळ्या पाठींच्या मासोळ्या पाण्याला उकळी आणत वर यायच्या. तुम्ही त्यांच्याशी बोलायचात, घरी पाहुण्यांना वाढताना बोलायचात तसंच. "जेवा बापाहो. तुमच्या घरचं एक माणूस आमच्या घरी कामी येऊन राह्यलं." मी मागे उभी. खरं सांगू? मला त्या मासोळ्या पाहून तिखट रस्सा दिसायचा. तुम्ही पुण्य करायचात आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं.

तसंच एकदा घाटावर बसलेलो असताना तुम्ही पाण्याकडे बघत विचारलंत, कसं लागते वं? मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि घाबरायला झालं. आयुष्यभराची माळकरी बाई मासोळीची चव विचारत होती. मी खूप आठवून सांगितलं, की नदीसारखं लागतं, थोडं चिखलाचं, थोडं गोड. तुम्ही मान डोलावलीत, जसं काही तुम्हाला पटलं. आणि मग म्हणालात, आता दोघीच राहिलो, मला तू म्हणत जा. मी हसले. म्हटलं, जमणार नाही बाई, जीभ वळत नाही. तुम्ही पुन्हा म्हणाला नाहीत. मी वळवून पाहायला पाहिजे होती.

दर रविवारी मंगेशचा फोन. तुम्ही फोन कानाशी न धरता हातात आरशासारखा धरायचात. तिकडून तो विचारायचा, "गोळी घेतली का?" तुम्ही खोटं बोलत नव्हतात, एवढं मात्र खरं. तुम्ही म्हणायचात, रोज जाते बापा पोटात. कुणाच्या पोटात ते सांगायचा नाहीत. आणि लगेच फोन माझ्याकडे वळवायचात, की सांग वं सुशे त्याले, गेली ना? मला त्या फोनच्या काचेत मंगेशचं तोंड दिसायचं, थकलेलं, मागे बर्फाची खिडकी. मी म्हणायची, गेली. तो हसायचा. रविवारी मला जेवण गोड लागायचं नाही. आईची म्हणून त्यानं धाडलेली गोळी मी खाते आणि त्याच्याच तोंडावर गेली म्हणते.

तुम्हाला माझा ताठा माहीत होता. आमचे हे गेले तेव्हा भावकीतली एक बाई माझ्या ऐकण्यात म्हणाली होती की आता ही मंगेशच्या जिवावर. त्या दिवशी मी ठरवलं, पुतण्याचं काही घ्यायचं नाही. माझं मी पाहीन, कुणाची मिंधी होणार नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यानं मला गरम स्वेटर धाडला, चांगला राखाडी रंगाचा. मी तो घडी न मोडता परत पाठवला आणि सगळी थंडी कुडकुडत काढली. तुम्ही म्हणालात, ताठा कामाचा नाही सुशे. बस, तेवढंच. बाटली यायला लागली ती त्याच्यानंतर. पण ती तुमच्या नावानं यायची, आणि तुमच्यासाठी, तुमची अडचण सोडवायची म्हणून मी गोळी खायची. यात मी कुणाची मिंधी नव्हते. उलट तुम्हीच माझ्या मिंध्या आहात, असं मी मनात म्हणायची.

आणि मग तुम्ही गेलात. हरभऱ्याच्या वावरात कडेकडेनं पेरलेला आपला जवस तेव्हा फुलावर होता. सकाळी आपण तो पाहून आलो होतो. सकाळी निळी फुलं उघडतात आणि दुपारपर्यंत गळून जातात, म्हणून तुम्हाला लवकर जायची घाई. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभ्या राहून तुम्ही म्हणालात, समुद्र असाच असेल. वारा आला, निळं सगळं एका अंगावर झुकलं आणि परत उभं राहिलं. घरी येऊन तुम्ही कोवळ्या उन्हात तुरीच्या शेंगा सोलायला बसलात. मी चहा घेऊन आले तेव्हा मान भिंतीला टेकलेली, एक शेंग उघडी हातात, दाणे अजून आत. मला वाटलं, डोळा लागला. चहावर साय येईपर्यंत मी तुम्हाला उठवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, वय होतं, काही करता आलं नसतं. मी त्यांना गोळीचं विचारलं. मासोळीची गोळी बाईंनी घेतली असती तर? ते म्हणाले, असं काही नसतं, तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. पण मन काय डॉक्टरांचं ऐकतं? त्यांनी नाही म्हटलं ते डोक्यात गेलं, खाली उतरलं नाही. तुमच्या तोंडची गोळी मी इतकी वर्षं खाल्ली. मी चालते आहे, गुडघे वाकवून चुलीशी बसते आहे, आणि तुम्ही नाही. हे कसं मांडायचं मंगेशपुढे?

तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. अग्नी भावकीतल्या मुलानं दिला. अस्थी मात्र त्याच्यासाठी ठेवल्या होत्या. त्यानं तोच घाट निवडला, मी काही सांगितलं नव्हतं. वाटेत वावराशी गाडी थांबवली, आणि मी त्याला जवस दाखवला, तुमचा समुद्र. तो धुऱ्यावर चढला. म्हणाला, आमच्याकडचा समुद्र बहुतेक दिवस करडा असतो काकू, एवढा निळा नाही. म्हणजे तुम्ही पाहिलेलाच चांगला. मग घाटावर तो शेवटच्या पायरीवर उतरला, तुम्ही बसायचात तिथेच, आणि मडकं पाण्यावर वाकवलं. राख पसरली. आणि खालून त्या काळ्या पाठी वर आल्या, बाई. पाण्याला तशीच उकळी आली. त्यांना वाटलं, नेहमीची बाई आली. मंगेश दचकून माझ्याकडे बघायला लागला.

तेरवी झाली. पाहुणे गेले. घरात आम्ही दोघं आणि जेवणाचा वास. मी ठरवलं होतं, तो विचारेल तेव्हा सांगायचं, आणि तो विचारणारच. मग जे होईल ते होवो. पण खरं सांगते, मी भ्याले होते. मला काकू म्हणणारं या जगात एवढंच एक तोंड उरलं आहे. तो म्हणाला असता, की माझ्या आईचं औषध तुम्ही खाल्लं आणि मला तोंडावर गेली म्हणून सांगितलं, तर मी कुठे गेले असते? घर त्याचं, वावर त्याचं. ते जाऊ दे. रविवार माझा होता, तोही गेला असता.

त्यानं बॅग उघडली आणि दोन बाटल्या काढल्या. या महिन्यात तो येणारच होता, म्हणून आधीच घेऊन ठेवलेल्या. कोनाड्याशी गेला. तिथली जुनी बाटली उचलली, हलवून पाहिली, उन्हात धरली. आता विचारतो, म्हणून मी पदराचं टोक मुठीत धरलं. तो वळला आणि म्हणाला, "काकू, इतके दिवस गोळी घेतली नाई वाटते तुमी?"

मी म्हटलं, "मी?"

तो माझ्याशेजारी बसला आणि त्यानं सांगितलं. पहिली बाटली आली त्याच आठवड्यात, मी अंगणवाडीत असताना, तुम्ही कमलबाईच्या फोनवरून त्याला फोन केला होता. साफ सांगितलं, की मासोळी आहे, मी नाही खाणार. पण थांबवू नको. तुझ्या काकूचे गुडघे गेले, रक्तही बरोबर नाही, आणि मासोळीसाठी तिचा जीव किती तुटतो ते मी तिच्या लग्नाच्या वर्षापासून पाहते आहे. त्यानं म्हटलं, मग काकूच्या नावानं धाडतो. तेव्हा तुम्ही म्हणालात, आणि ते त्यानं मला तुमच्याच शब्दांत सांगितलं, "तिच्या नावानं धाडशीन त स्वेटरासारखं वापस करन. माह्या नावानं धाड. माह्यासाठी म्हणून खाईन तुही काकू."

मग मी त्याला रविवारचं विचारलं. दर रविवारी विचारायचास ना रे, गोळी घेतली का म्हणून, ते काय होतं मग?

"तुमालेच इचारत होतो, काकू," तो म्हणाला. "आई फोन तुमच्याकडे वळवे ना."

खोटं कशाला बोलू, बाई, मला आधी राग आला. असा राग आला की तुम्ही समोर असतात तर मी बाटली तुमच्या पायाशी आदळली असती. इतकी वर्षं मी खोट्यात सामील म्हणून दर रविवारी घास गिळला, आणि तुम्ही दोघं मायलेक फोनच्या दोन टोकांना बसून हसत होतात. मी स्वतःला उपकार करणारी समजत होते आणि तुम्ही मला हळूच भरवत होतात, रुसलेल्या पोराला गोष्ट सांगत सांगत घास भरवतात तसं. मी उठून आत गेले. चुलीपुढे बसले. आणि तिथे मला रडू फुटलं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा खरं. लोकांपुढे रडले होते ते रीत म्हणून. हे माझं होतं. गोठ्यात रडायची तसं.

मंगेश मागून आला. त्यानं जुन्या बाटलीचं झाकण फिरवलं, एक गोळी झाकणात पाडली आणि झाकण माझ्यापुढे धरलं. त्याला काही बाटायचं नव्हतं, तो बोटानं देऊ शकला असता. पण त्यानं झाकणच धरलं. त्यालाही तुम्ही शिकवलं असणार. मी हात पुढे केला.

तो परत गेला. जाताना तो राखाडी स्वेटर माझ्या पलंगावर ठेवून गेला. इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता म्हणे त्यानं. मी घातला. थंडी सरत आली आहे, तरी घातला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आता कशाले, उन्हाळ्यात? तुमचं तोंड मला माहीत आहे.

रविवारी फोन आला. मी तुमच्यासारखाच हातात आरशासारखा धरला. त्यानं विचारलं, गोळी घेतली का काकू? इतकी वर्षं हा प्रश्न मी ऐकत होते आणि शेवटचा एक शब्द त्यात नव्हता. मी म्हटलं, घेतली. या वेळी जेवण गोड लागलं. मग सवयीनं फोन बाजूला वळवला, आणि तिकडे भिंत होती, वातींचं ताट होतं. मंगेशला वातींचं ताट दिसलं असेल.

ती अर्धी बाटली परवा संपली. काल मी कणिक मळली. तुमच्याइतक्या सारख्या होत नाहीत माझ्या, काही जाड झाल्या, काही वाकड्या. शंका आली की मी एखादी जास्तच टाकली, कमी पडायला नको. एसटीनं एकटी गेले. वाटेत वावरात जवस आता बोंडावर आला आहे, निळं काही उरलं नाही, चटणी होईल यंदा भरपूर. वादही होईल, मी दोन्ही बाजूंनी बोलीन.

घाटावर ऊन होतं. मी शेवटच्या पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले. तुम्ही दरवेळी विचारायचात म्हणून सांगते, पाणी गार होतं. डबा उघडला. एकेक गोळी टाकत गेले आणि त्या आल्या, सगळ्या आल्या, माझ्या घोट्यांना लागून गेल्या. मला या वेळी रस्सा दिसला नाही. त्यांच्या काळ्या पाठींवर ऊन पडत होतं आणि मी प्रत्येकीकडे नीट बघत होते. मग मी तुमच्यासारखं बोलायला तोंड उघडलं आणि तुमचं वाक्य उलटंच बाहेर आलं.

"जेवा बापाहो," मी म्हटलं. "आता आमच्या घरचं एक माणूस तुमच्याकडे आलं हाये. माळकरी हाये, तिले संभाळून घेजा." आणि मग खाली वाकून, कुणी ऐकत नाही असं पाहून, पाण्याला म्हटलं, "बाई, तू जेवली का?"